आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर जागचं हलतं का?

घाटवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. जिथे बघावं तिथे व्हिडिओंमध्ये असं दाखवतात की आकाशगंगेच्या बरोब्बर मध्ये एक महाकाय कृष्णविवर ठाण मांडून बसलंय आणि सूर्यासकट झाडून सगळे तारे त्याच्याभोवती गरगर फिरतायत. नववीतल्या भाच्याने विचारलं, मामा, पृथ्वी सूर्याभोवती, सूर्य त्या विवराभोवती, मग ते विवर कोणाभोवती? विचारून सांगतो म्हटलंय.
माझं मत असं की ते हलत असणारच. विश्वात एक गोष्ट धड स्थिर नाही, मग यालाच काय सूट? पण हलत असेल तर २६-२७ हजार प्रकाशवर्षांवरून, मध्ये एवढी धूळ असताना, मोजतात कसं? जाणकारांनी लिहा. गूगल करा असं सांगू नका प्लीज.

प्रश्नचिन्ह
गूगल करा.
(ह.घ्या.)

नाना_चिपळूण
वक्री असेल. साडेसाती संपते न संपते तोवर आता हे. पत्रिकेत एक घर रिकामं ठेवा रे.

सांजवेळ
वाचतेय. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

गणितमास्तर
घाटवाट, तुमच्या भाच्याच्या प्रश्नातलं मधलं वाक्यच आधी दुरुस्त करायला हवं. सूर्य त्या कृष्णविवराभोवती फिरत नाही. म्हणजे कक्षेच्या मध्यावर ते आहे हे खरं, पण सूर्याला धरून ठेवलंय ते त्याने नाही.
साधा हिशोब करा. सूर्य मध्यापासून साधारण २६,७०० प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला २३०-२४० किलोमीटरने फिरतोय. या दोन आकड्यांवरून आतल्या बाजूला एकूण किती वस्तुमान असायला हवं ते बारावीच्या फिजिक्सने निघतं: अंदाजे १०,००० कोटी सूर्य. यात तारे, वायू, डार्क मॅटर सगळं आलं. आणि त्या विवराचं वस्तुमान किती, तर ४३ लाख सूर्य. म्हणजे तेवीस हजारांत एक भाग. उद्या कोणी ते विवर उचलून नेलं तरी सूर्याच्या कक्षेला ढिम्म फरक पडणार नाही. आपल्या सूर्यमालेत सूर्याकडेच ९९.८ टक्के वस्तुमान आहे, तिथे सूर्याचा शब्द चालतो. इथे तसं नाही. विवराचा खरा दरारा मध्याच्या आसपास दहाएक प्रकाशवर्षांपर्यंत, त्याच्या बाहेर बाकीच्या ताऱ्यांची बेरीज भारी पडते.
त्यामुळे प्रश्न उलटा विचारा. विवर सगळ्यांना फिरवत नसेल तर ते मध्यावर टिकून कसं राहतं?

घाटवाट
तेवीस हजारांत एक?? हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

प्रश्नचिन्ह
सांगितलं तर व्ह्यूज कुठून येणार.

रेडिओवाला
मास्तरांना अनुमोदन. आता मोजतात कसं त्यावर लिहितो, कारण मला स्वतःला या सगळ्या विषयात तेच सगळ्यात भारी वाटतं.
धुळीचा प्रश्न साध्या प्रकाशाला. रेडिओ लहरी धुळीतून आरामात येतात. विवराच्या भोवतीचा तापलेला वायू रेडिओत चमकतो, त्या ठिपक्याला सॅजिटेरियस ए स्टार म्हणतात. अमेरिकेची दहा अँटेनांची एक साखळी आहे, हवाईपासून थेट कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेली, तिने हा ठिपका आणि आकाशात त्याच्या शेजारी दिसणारे पण प्रत्यक्षात आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडचे दोन रेडिओ स्रोत एकत्र बघितले. ते दोघं इतके लांब की हलल्यासारखे दिसायचा प्रश्नच नाही, म्हणून ते खुणेचे दगड. मार्क रीड आणि आंद्रेयास ब्रुन्थालर यांनी १८ वर्षांची निरीक्षणं जोडून २०२० मध्ये निकाल दिला. ठिपका वर्षाला ६.४ मिलीआर्कसेकंद सरकतो. किती कमी? या वेगाने पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंदी ओलांडायला दोन लाख ऐंशी हजार वर्षं लागतील.
पण थांबा, हे सरकणं विवराचं नाही. आपण सूर्याबरोबर फिरतोय म्हणून ते मागे जाताना दिसतं. सूर्याची गती वजा केली की उरतं काय? आकाशगंगेच्या चकतीला लंब दिशेत सेकंदाला ०.८५ किलोमीटर, आणि त्यातली चूकच ०.७५ ची. म्हणजे शून्य धरलं तरी चालेल. चकतीच्या दिशेतही शून्यच, फक्त तिथे चूक सव्वादोन किलोमीटरची, कारण सूर्याची स्वतःची गती त्या दिशेत तितकी नेमकी माहीत नाही.

पक्का_संशयी
म्हणजे घाटवाट यांचं मत बाद. स्थिर आहे. धागा बंद करा.

रेडिओवाला
अहो शून्य म्हणजे "आपल्या मापाला दिसेल इतकं हलत नाही". खऱ्या शून्यात आणि यात फरक आहे. आणि गंमत पुढे आहे. त्याच विवराच्या शेजारचे तारे सेकंदाला हजारो किलोमीटरने पळतायत. एस२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो, मे २०१८ मध्ये तो सगळ्यात जवळ आला तेव्हा वेग ७,६०० किलोमीटरच्या वर होता. गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते याच ताऱ्यांच्या कक्षांवरून. आता असल्या धुमश्चक्रीत जी वस्तू एक किलोमीटरनेही हलत नाही ती वजनदार असलीच पाहिजे ना? ताऱ्यांच्या कक्षा सांगतात की त्या जागेत ४० लाख सूर्यांचं वस्तुमान आहे, पण ते नेमकं त्या ठिपक्यातच आहे हे कक्षांवरून कळत नाही. ते ठिपक्याच्या न हलण्यावरून कळतं. किमान दहा लाख सूर्य तरी त्या ठिपक्यातच असले पाहिजेत असं त्या पेपरात काढलंय.

सांजवेळ
हे आवडलं. न हलण्यावरून वजन!

मेधा_के
छान चाललाय धागा. मी पीएचडीत ताऱ्यांच्या समूहांचं सिम्युलेशन करायचे (आता बँकेत आहे, पोटापाण्याचं बघावं लागतं), म्हणून माझे दोन पैसे.
विवर थोडं थोडं थरथरत असायलाच हवं. दादरला ऑफिस सुटायच्या वेळी ब्रिजवर एखादा पैलवान उभा आहे असं समजा. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याला किंचित धक्का देतो, एका धक्क्याने काही होत नाही, पण धक्के सगळीकडून आणि अनियमित येतात म्हणून तो जागच्या जागी डुलत राहतो. पाण्यातल्या परागकणांची जी ब्राउनियन गती शाळेत शिकलो तीच ही. फक्त इथे कोणी शिवत नाही, धक्के गुरुत्वाकर्षणाचे.
ढोबळ आकडा काढता येतो. अशा गर्दीत सगळ्यांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी व्हायला बघते. तारा एका सूर्याएवढा, वेग सेकंदाला १०० किलोमीटर. विवर ४० लाख पट जड, त्याचं वर्गमूळ २,०००. म्हणून विवराचा वेग १०० भागिले २,०००, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. आजूबाजूला जड तारे आणि छोटी विवरं पण आहेत, ते धरले की अंदाज २०० मीटरच्या आसपास जातो. रेडिओवाला म्हणतायत त्या मापाच्या मर्यादेच्या तीन-चार पट खाली. त्यामुळे संशयी, धागा चालू राहू द्या.

नाना_चिपळूण
५० मीटर म्हणजे ताशी १८० किमी. मुंबई-गोवा हायवेवर असतं तर पहिल्याच खड्ड्यात कायमचं स्थिर झालं असतं.

कोकणमेवा
नाना +१११

पक्का_संशयी
मेधाताई, पैलवान डुलत डुलत ब्रिजच्या टोकाला का जात नाही मग? असंख्य वर्षं धक्के खाल्ले तर कुठेतरी वाहवत जायलाच हवा.

मेधा_के
चांगला प्रश्न. दोन कारणं. एक, मध्यावर ताऱ्यांची गर्दी दाट आहे, त्या सगळ्यांचं मिळून गुरुत्वाकर्षण त्याला परत मध्याकडे ओढतं. दुसरं जास्त मजेशीर. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाते तेव्हा ती जाता जाता ताऱ्यांना आपल्याकडे वळवते, ते तिच्या मागे जमा होतात आणि तिलाच मागे खेचतात. याला डायनॅमिकल फ्रिक्शन म्हणतात आणि याचं गणित १९४३ मध्ये केलं आपल्या चंद्रशेखरांनी. लोकांना चंद्रशेखर म्हटलं की फक्त श्वेत बटूची मर्यादा आठवते. वस्तू जितकी जड तितका हा ब्रेक जोरात. म्हणून जड विवरं मध्याकडे घसरत जातात आणि तिथेच थांबतात. मास्तरांनी वर विचारलं होतं टिकून कसं राहतं, त्याचं हे उत्तर. ते राजा म्हणून मध्ये बसलेलं नाही, गाळासारखं खाली बसलंय म्हणा.

गणितमास्तर
हेच लिहायला आलो होतो. धन्स.

हिंगोलीकर
अवांतर: आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात उठणारे तरंग, पकडायचं यंत्र) होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. त्यात हे विवर हलताना दिसेल का? गावात सगळे विचारतात.

रेडिओवाला
नाही दिसणार, पण त्यात औंढ्याची चूक नाही. चार-चार किलोमीटरच्या भुजा असलेल्या यंत्राला सेकंदाला दहा-वीस ते काही शे वेळा थरथरणाऱ्या लहरी कळतात, म्हणजे सूर्याच्या दहा-वीस-पन्नास पट विवरं एकमेकांवर आदळतात तेव्हाच्या. लाखो सूर्यांची विवरं फार संथ. त्यांच्यासाठी युरोपची लिसा मोहीम आहे, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तीन यानं, जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाली आणि २०३५ च्या सुमारास उडवायचं ठरलंय. आणि अब्जावधी सूर्यांच्या जोड्या त्याहून संथ, एक लाट यायला वर्षानुवर्षं. त्यासाठी खोडद.

कोकणमेवा
खोडद म्हणजे नारायणगावजवळचं? तिथे तर आम्ही मिसळ खायला थांबतो.

रेडिओवाला
तेच. जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, चौदा खोडदला आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकारात २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन असतं, तेव्हा जा. मोबाइल बंद ठेवायला लावतात, कुरकुर करू नका, त्यांना येणारा सिग्नल मोबाइलच्या मानाने काहीच नसतो. डिश जवळून बघितली की आधी वाटतं अजून पूर्ण बांधून झाली नाही की काय, कारण पत्रा कुठेच नाही, बारीक स्टीलच्या तारांची जाळी दोरांवर ताणून बसवलीय. पलीकडचं आकाश आरपार दिसतं. लांब लहरींना जाळी पुरते आणि वारा निघून जातो, म्हणून एवढं मोठं काम स्वस्तात झालं.
तर, २९ जून २०२३ ला जगभरातल्या गटांनी एकाच दिवशी जाहीर केलं की स्पंदक ताऱ्यांच्या टिकटिकीत एकमेकांशी जुळणारा फरक दिसतोय. हे तारे घड्याळासारखे नियमित. आपल्या आणि त्यांच्या मधली जागाच गुरुत्वीय लहरींनी ताणली-आखडली तर टिकटिक अगदी किंचित लवकर उशिरा पोचते. भारतीय गटाने जीएमआरटीवरून केलेली निरीक्षणं युरोपच्या गटाबरोबर त्यात होती. सगळ्यात सरळ अर्थ असा की विश्वात ठिकठिकाणी दोन-दोन महाकाय विवरं एकमेकांभोवती फिरतायत आणि आपल्याला त्या सगळ्यांचा मिळून गोंगाट ऐकू येतोय. अजून एकेक जोडी वेगळी काढता आलेली नाही, आणि पुरावाही "नक्की" म्हणायच्या थोडा अलीकडेच आहे.

न्यूजर्सीकाकू
माझा मुलगा इथे म्हणतो की आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका आदळणार आहेत, मग दोन्ही विवरं पण एकमेकांवर आदळणार का गं मेधा?

मेधा_के
काकू, आधी ते आदळतीलच असं आता कोणी छातीठोक सांगत नाही. पूर्वी साडेचारशे कोटी वर्षांनी नक्की म्हणायचे, २०२५ च्या एका अभ्यासात पुढच्या हजार कोटी वर्षांत टक्कर व्हायची शक्यता निम्मी-निम्मी आलीय.
पण समजा झाली. मग आपलं ४३ लाखांचं आणि देवयानीचं दहा कोटींच्या पुढचं, दोन्ही वर लिहिलेल्या ब्रेकमुळे नव्या दीर्घिकेच्या मध्याकडे घसरतील आणि एकमेकांभोवती फिरायला लागतील. मग जवळ येणारे तारे एकेक करून बाहेर भिरकावत, दर वेळी थोडी ऊर्जा गमावत, आणखी जवळ. आणि इथे घोडं अडतं. तीनेक प्रकाशवर्षं (म्हणजे एक पार्सेक) अंतर उरलं की भिरकावण्याजोगे तारेच संपतात, आणि गुरुत्वीय लहरींचं काम सुरू व्हायला तर अजून कितीतरी जवळ यायला हवं. १९८० मध्ये बेगेलमन, ब्लँडफोर्ड आणि रीस यांनी ही अडचण मांडली, फायनल पार्सेक प्रॉब्लेम नावाने प्रसिद्ध आहे. माझ्या मते खरा निसर्ग यातून सुटतो, कारण दीर्घिका काही गुळगुळीत गोल नसतात, वेड्यावाकड्या आकारात नवे तारे मध्याकडे येतच राहतात, वायू असतो, एखादं तिसरं विवर येतं. आमच्या सिम्युलेशनात गोल दीर्घिका घेतली की जोडी अडकायची, जरा दाबून लंबुळकी केली की सुटायची. रात्र रात्र बघत बसायचो.

गणितमास्तर
जोडीचं उदाहरण हवं तर ओजे २८७ नावाचा क्वेसार (वायू गिळताना लखलखणारं महाकाय विवर). साडेतीनशे कोटी प्रकाशवर्षांवर, दर १२ वर्षांनी भडकतो, १९व्या शतकाच्या शेवटापासूनच्या फोटो प्लेटा आहेत. व्हाल्टोनेन आणि मंडळींचं म्हणणं की १,८०० कोटी सूर्यांच्या विवराभोवती १५ कोटींचं दुसरं फिरतंय आणि मोठ्याच्या भोवतीच्या वायूच्या चकतीतून आरपार जाताना भडका उडतो. मुंबईच्या टीआयएफआरचे गोपकुमार आणि त्यांचे विद्यार्थी या गणितात आघाडीवर. ३१ जुलै २०१९ चा भडका त्यांनी आधी सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत आला! तेव्हा ओजे २८७ सूर्याच्या पलीकडे होता, पृथ्वीवरून दिसतच नव्हता, फक्त स्पिट्झर दुर्बिणीला दिसला.

पक्का_संशयी
आणि २०२२ च्या ऑक्टोबरचा भडका? तो आला का? दुसऱ्या गटाने लक्ष ठेवलं होतं, काही दिसलं नाही, आणि त्यांच्या मते मोठं विवर १,८०० कोटींचं नाहीच, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं असेल. एक भाकीत बरोबर आलं की पेढे आणि चुकलं की गप्प, असं नको.

गणितमास्तर
मुद्दा मान्य, वाद आहे. पण चार तासांची अचूकता नशिबाने येत नाही हो. मला ते मॉडेल आवडतं.

प्रश्नचिन्ह
आवडतं हा पुरावा नाही मास्तर. (पळा)

घाटवाट
एक विचारू? दोन विवरं एकत्र झाल्यावर तरी ते स्थिर राहतं ना? की तिथेही काही लफडं आहे?

मेधा_के
सगळ्यात मोठं लफडं तिथेच आहे. विलीन होताना लहरी सगळ्या दिशांना सारख्या जात नाहीत, एका बाजूला जास्त संवेग घेऊन जातात, मग विवर उलट दिशेला उसळतं. नेहमी काही शे किलोमीटर, पण दोघांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याची दिशा विशिष्ट जुळली तर सेकंदाला काही हजार किलोमीटर. दीर्घिकेतून कायमचं बाहेर. २००५ नंतर कॉम्प्युटरवर आइन्स्टाइनची समीकरणं नीट सुटायला लागली तेव्हा हे आकडे आले, आणि कोणाला आधी खरं वाटेना.
आकाशात शोधाशोध चालू आहे. ३सी १८६ नावाचा क्वेसार त्याच्या स्वतःच्या दीर्घिकेच्या मध्यापासून ३५,००० प्रकाशवर्षं बाजूला आहे आणि सेकंदाला २,१०० किलोमीटरच्या आसपास पळतोय, हे २०१७ मध्ये आलं. वजन शंभर कोटी सूर्य. लाथ बसलेलं विवर असावं असा दाट संशय. दुसरीकडे २०२१ मध्ये एका दीर्घिकेतल्या पाण्याच्या मेसरवरून (पाण्याच्या वाफेतून येणारा लेसरसारखा रेडिओ सिग्नल) दिसलं की तिथलं ३० लाख सूर्यांचं विवर दीर्घिकेपेक्षा सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपास वेगळं चाललंय. लाथ की जोडीदार, ते ठरलेलं नाही.

रेडिओवाला
एम८७ दीर्घिकेतलं विवर पण लिहा, ज्याचा पहिला फोटो आला ते, ६५० कोटी सूर्य. २०१० मध्ये हबलच्या चित्रांवरून म्हणाले मध्यापासून २२ प्रकाशवर्षं बाजूला आहे. नंतरच्यांनी मध्याची तेजस्विता कमीजास्त होते ते लक्षात घेतलं तर ते सरकणंच विरघळलं. दीर्घिकेचा "मध्य" ठरवणं हेच अर्धं भांडण असतं.

कोकणमेवा
आणि लहान दीर्घिकांमध्ये?

मेधा_के
तिथे बट्ट्याबोळ. २०२० मध्ये एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी १३ बुटक्या दीर्घिकांत विवरं शोधली, त्यातली निम्म्याच्या आसपास मध्यावर नव्हतीच. दीर्घिका हलकी असली की मध्याला ओढच कमी, विवर भरकटतं आणि ब्रेकही नीट लागत नाही.

न्यूजर्सीकाकू
हे आकाशात कुठे बघायचं? भारतात येतेय जुलैत.

नाना_चिपळूण
जुलैत चिपळूणला या काकू, फक्त ढग बघायला मिळतील.

गणितमास्तर
दिशा सांगतो. मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या मधला पट्टा, जिथे आकाशगंगा सगळ्यात रुंद आणि उजळ दिसते. विवर काही दिसणार नाही. जुलैत ती रात्री दक्षिणेला चढलेली असते पण नानांचे ढग आडवे येतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठायची तयारी असेल तर आग्नेयेला स्वच्छ दिसते.

घाटवाट
भाच्याला वाचून दाखवलं. आता त्याचं म्हणणं, की विवर मध्यावर जवळजवळ स्थिर आहे हे समजलं, पण तो मध्य तरी स्थिर आहे का?

गणितमास्तर
पोरगं हुशार आहे. नाही. मोठा मॅगेलनी मेघ नावाची शेजारची छोटी दीर्घिका आपल्याला ओढतेय. २०२१ मध्ये मोजलं गेलं की बाहेरच्या लांबलांबच्या ताऱ्यांच्या मानाने आपली आख्खी चकती सेकंदाला ३२ किलोमीटरने सरकतेय. सूर्य, विवर, खोडद, तुम्ही-आम्ही सगळे एकत्र. रेडिओवाला यांच्या मापात हे येत नाही कारण मोजणारे आणि मोजलं जाणारं दोघं एकाच चकतीत.

रेडिओवाला
बरोबर. आणि त्याच्या "कोणाभोवती" ला उत्तर: कोणाभोवती नाही, मध्याच्या अवतीभवती किंचित डुलतंय.

पक्का_संशयी
म्हणजे घाटवाट यांचं पहिलं मत बरोबर होतं. हलतं. माझा धागा बंद करायचा प्रस्ताव मागे.

प्रश्नचिन्ह
आता तरी गूगल करू का?

कोकणमेवा
फेब्रुवारीत खोडदला कोण कोण येतंय? मिसळ माझ्याकडून. मोबाइल गाडीत.